‘केगेल करा’ म्हणजे नेमकं काय करा?

बाळंतपणानंतर घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड मिळतं, त्यावर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांखाली बरेचदा एक ओळ असते : ‘केगेल व्यायाम, दिवसातून तीनदा’. लिहिणाऱ्यानं तो व्यायाम करून दाखवलेला नसतो आणि कार्ड घेणाऱ्या बाईनंही ‘म्हणजे काय?’ असं विचारलेलं नसतं. बाळ रडत असतं, रिक्षा खाली थांबलेली असते. घरी आल्यावर मोबाइलवर कुणीतरी सांगतं, ‘लघवी रोखून धरल्यासारखं करा.’ ती करते. पोट आत ओढते, बैठक आवळते, श्वास कोंडते, दहा मोजते. सहा महिन्यांनीही शिंक आली की थेंब सुटतोच. मग ती ठरवून टाकते, या व्यायामात काही राम नाही.

यात तिचा दोष फार थोडा. १९९१ साली अमेरिकेत रिचर्ड बम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७ बायकांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन हाच व्यायाम करायला लावला आणि त्याच वेळी मूत्रमार्गातला दाब मोजला. २३ जणींना तो नीट जमला. १२ जणी मात्र अशा रीतीनं जोर लावत होत्या की त्यामुळे लघवी सुटण्याचा त्रास उलट वाढावा. म्हणजे दर चौघींत एक बाई औषध समजून आजाराचाच सराव करत होती.

गंमत अशी की ज्यांच्या नावानं हा व्यायाम ओळखला जातो त्या आर्नल्ड केगेल यांनी तो असा कधी सांगितलाच नव्हता. लॉस एंजेलिसच्या या स्त्रीरोगतज्ज्ञाचा गाजलेला लेख १९४८चा. त्यांची पद्धत अशी : आधी बोटानं तपासून योग्य स्नायू आवळला जातो का ते बघायचं, मग योनीमार्गात हवेचं एक साधन ठेवायचं. साधनाला बाहेर काट्याची तबकडी जोडलेली. बाईनं स्नायू आवळला की काटा हलतो आणि तो तिला स्वतःला दिसतो. पुढच्या काळात नाव राहिलं, तपासणी आणि काटा दोन्ही गळून पडले. या क्षेत्रात अलीकडे झालेलं बरंचसं चांगलं काम म्हणजे ती गळालेली तपासणी परत आणण्याचा खटाटोप आहे. आणि तपासायला लागल्यावर लक्षात आलं की सगळ्यांचा दोष एक नाही. काहींना तर केगेल मुळीच द्यायला नको.

केगेल ज्या स्नायूंसाठी आहे त्या ‘पेल्विक फ्लोअर’ला पाठ्यपुस्तकात ‘श्रोणितल’ म्हणतात. दवाखान्यात तो शब्द कुणाच्या तोंडी ऐकू येत नाही. पेशंट फक्त ‘खाली’ म्हणतात. ‘खाली दुखतं’, ‘खाली जड वाटतं’, ‘खाली काहीतरी आल्यासारखं वाटतं’. फ्लोअर काय, तळ काय, दोन्ही शब्दांनी डोळ्यांसमोर फरशी येते. प्रत्यक्षात ही फरशी दिवसभर हलत असते. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत आणि दोन्ही बाजूंना पसरलेली ही स्नायूंची झोळी आहे. श्वास आत घेतला की छातीखालचा पडदा खाली येतो आणि त्याच्याबरोबर ही झोळीही किंचित खाली येते. श्वास सोडला की दोन्ही वर जातात. खोकला यायच्या क्षणभर आधी ती आपोआप वर उचलली जायला हवी. लघवीला, शौचाला बसल्यावर तिनं सैल पडायला हवं. बाळ बाहेर येताना ती ज्या प्रमाणात ताणली जाते तसा ताण शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या स्नायूच्या वाट्याला क्वचितच येत असेल. तिच्यातले बहुसंख्य तंतू संथ, तासन्‌तास तोल धरणारे असतात; थोडे झटपट आवळणारे, खोकल्या-शिंकेच्या वेळचे. गुदमार्गाच्या मागून फास घालून पुढे ओढणारा एक पट्टा आहे, त्याच्यामुळे तिथे कोन तयार होतो. बागेतला पाइप दुमडला की पाणी अडतं, तसंच. पाइप सरळ झाल्याशिवाय पोट साफ होत नाही.

म्हणजे या स्नायूला तीन कामं आली पाहिजेत : उचलणं, सोडणं आणि योग्य वेळी यातलं योग्य ते करणं. बिघाडही याच तीन ठिकाणी होतो. २००५ साली इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीच्या गटानं शब्दांची शिस्त लावताना स्नायूची सामान्य, अतिक्रियाशील, अल्पक्रियाशील आणि निष्क्रिय अशी वर्गवारी केली. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात ज्या बाईचा स्नायू कायम ताठलेला असतो तिचीही लघवी सुटते, कारण आधीच मूठ आवळलेल्या हाताला अजून काही पकडता येत नाही. लक्षण तेच, दोष उलटा. अशा बाईला ‘आणखी आवळा’ सांगितलं तर दुखणं वाढायची शक्यताच जास्त.

तपासणी कशी होते हे मराठीत सहसा लिहिलं जात नाही, म्हणून जरा सविस्तर. आधी बराच वेळ फक्त बोलणं. लघवी खोकल्यावर सुटते की घाईची लागून वाटेत सुटते? चावी कुलपात घालताना किंवा नळाचं पाणी वाहताना लागते का? शौचाला किती वेळ बसता, कुंथावं लागतं का, बोटाचा आधार द्यावा लागतो का? हा शेवटचा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही, आणि विचारला की पुष्कळ जणी खाली बघून मान हलवतात. मग तीन दिवसांची लघवीची वही : किती वाजता, किती, काय प्यालात. चहाचे सहा कप त्या वहीतच उघडे पडतात.

त्यानंतर संमती घेऊन अंगावरची तपासणी. अनुभवी थेरपिस्ट लगेच हात लावत नाही. ‘मावशी, श्वास घ्या... सोडा... आता जरा खोकून दाखवा’ म्हणत ती नुसती बघते. खोकल्याबरोबर योनी आणि गुदद्वारामधला भाग आत जातो की बाहेर फुगतो? आवळायला सांगितल्यावर मांड्या जवळ येतात का, भुवया चढतात का? भुवया चढल्या म्हणजे श्वास कोंडला हे बहुधा नक्की. मग हातमोजा घालून एका बोटानं आतून : ताकद किती, किती सेकंद टिकते, किती वेळा जमते, झटपट किती, आणि आवळल्यावर पूर्ण सुटते का. ताकदीला शून्य ते पाच गुण देण्याची ऑक्सफर्ड पद्धत इथे रुळली आहे. ब्रिटनच्या जो लेकॉक यांनी ताकद, टिकाव, आवर्तनं, वेग अशा आद्याक्षरांतून ‘परफेक्ट’ नावाची तपासणीची रीत बांधली. तिचा फायदा असा की तपासणीच्या आकड्यांतूनच व्यायामाचा डोस निघतो. चार सेकंद टिकाव असलेल्या बाईला दहा सेकंद धरायला सांगणं म्हणजे तिला पोट आणि बैठक वापरायला शिकवणं. नको म्हणणाऱ्या बाईची, अविवाहित मुलीची आतली तपासणी करू नये. बाहेरून बघून किंवा पोटावर अल्ट्रासाउंड लावूनही बरंच कळतं.

या बोटाच्या तपासणीवर किती भरवसा ठेवायचा, हा जुना वाद आहे. दोन थेरपिस्ट एकाच बाईला तीन आणि चार असे वेगवेगळे गुण सहज देतात. ‘ताठरपणा’ मोजण्याचं तर सर्वमान्य माप आजही नाही. यंत्रं आली : दाब मोजणारी, विद्युत्‌-संदेश टिपणारी, बळ मोजणारी. त्यातलं खरोखर नवं काही दाखवलं ते अल्ट्रासाउंडनं. सिडनीच्या हान्स पीटर डिट्झ यांच्या कामातून ठळक झालं की योनीमार्गे बाळंतपणात, विशेषतः चिमटा लावून झालेल्या, हा स्नायू काही जणींत हाडापासून चक्क सुटलेला असतो. सुटलेला स्नायू व्यायामानं परत हाडाला चिकटत नाही. अशा बाईला ‘तुम्ही नियमित करत नाही’ असं सुनावणं हा अन्याय आहे, आणि तो सर्रास होतो.

फिजिओथेरपीतला एक प्रवाह आणखी पुढे जाऊन म्हणतो की एकाच स्नायूकडे का बघायचं? सेंट लुइसच्या शर्ली साहरमन यांनी कंबर, खुबा, खांदा यांच्या दुखण्यांना हालचालीतल्या दोषावरून नावं देण्याची पद्धत मांडली. त्यांचं पुस्तक २००२चं. त्याच विचारानं ओटीपोटाकडेही बघितलं जातं. बाई बसते कशी, एका पायावर तोल टाकून उभी राहते का, मूल कमरेवर घेताना श्वास कोंडते का, खुब्याचे आतले स्नायू ताठ आहेत का? त्यातला एक स्नायू या झोळीला लागूनच आहे, त्यामुळे खुब्यावर काम केल्यानं खालचं दुखणं हलकं होणं पटण्यासारखं आहे. मला ही दृष्टी आवडते, कारण ती बाईकडे अख्खी बघते. पण एक मान्य केलं पाहिजे : या निदानांची नावं जितकी देखणी आहेत तितका त्यांच्यामागे पुरावा जमलेला नाही. दोन थेरपिस्टांनी एकाच बाईला एकच नाव द्यावं, आणि त्या नावामुळे उपचार बदलून गुण यावा, एवढं सिद्ध झालं तर ते निदान. तोवर ती चांगली नजर.

पुरावा सगळ्यात भक्कम आहे तो खोकल्या-शिंकेबरोबर लघवी सुटण्याच्या बाबतीत. अनेक चाचण्या एकत्र तोलणाऱ्या २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात ज्या बायकांनी व्यायाम केला त्यांपैकी ५६ टक्के पूर्ण बऱ्या झाल्याचं सांगतात, न करणाऱ्यांपैकी ६ टक्के. इतका फरक पडणारी गोष्ट गोळी असती तर तिच्या जाहिरातींनी भिंती भरल्या असत्या. नॉर्वेच्या कारी ब्यो यांनी १९९९ साली १०७ बायकांत व्यायाम, विजेची उत्तेजना, योनीत धरायची वजनं आणि काहीच नाही अशी तुलना केली. व्यायाम सरस ठरला. ब्रिटनचा नाइस हा सरकारी सल्लागार मंच निदान तीन महिने देखरेखीखाली, रोज तीनदा, दर वेळी किमान आठ आकुंचनं असं सांगतो. ‘देखरेखीखाली’ हा शब्द इथे महत्त्वाचा, आणि आपल्या कार्डावरून नेमका तोच गळतो.

ताकद यायला महिने लागतात, पण वेळ साधायला नाही. १९९८ साली अमेरिकेत जॅनिस मिलर आणि सहकाऱ्यांनी बायकांना एवढंच शिकवलं की खोकला येतोय असं वाटलं की क्षणभर आधी खालचे स्नायू आवळा. आठवड्याभरात गळती लक्षणीय कमी झाली. स्नायू आठवड्यात बळकट होत नाहीत. बदलला तो फक्त क्रम. लघवी सुटणं हा निव्वळ अशक्तपणा नसून हालचालीचा दोष आहे याचा याहून सोपा दाखला मला माहीत नाही. हंडा उचलताना, बादली ओढताना, नातवाला कडेवर घेताना हीच युक्ती लागू पडते.

आता यंत्रांविषयी. पडद्यावर आलेख बघत व्यायाम केला की जास्त फायदा होतो, असं कुणालाही वाटेल. ब्रिटनमध्ये ६०० बायकांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नीट शिकवलेल्या व्यायामापेक्षा आलेखासह केलेला व्यायाम दोन वर्षांनी वरचढ ठरला नाही. ज्या बाईला स्नायू सापडतच नाही तिला काटा दिसण्याचा उपयोग होतो, केगेल यांनी तेच केलं होतं. पण सगळ्यांना तो लावण्याचं कारण नाही. शहरांत हल्ली चुंबकीय खुर्ची आली आहे : कपडे न काढता बसा, यंत्रच तुमचे स्नायू आवळेल. खुर्ची आकुंचन करवते हे खरं, पण खोकल्याआधी आवळण्याची वेळ ती शिकवत नाही. ती चांगल्या व्यायामापेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही. बिल मात्र सरस असतं.

अंग बाहेर येण्याच्या तक्रारीला मुंबईच्या वैद्यकाचा मोठा वारसा आहे. गोव्यातून आलेले वि. ना. शिरोडकर आणि मुंबईचे पुरंदरे यांनी तरुण बायकांचं गर्भाशय न काढता ते वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया बसवल्या. त्यांच्या नावानं त्या आजही शिकवल्या जातात. अंग थोडंसंच उतरलेल्या, पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच्या बाईला मात्र शस्त्रक्रियेआधी व्यायामाची संधी क्वचितच मिळते. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या पॉपी चाचणीत ४४७ बायकांपैकी ज्यांना एकेकटीला शिकवून व्यायाम दिला त्यांचा जडपणा, ओढ वर्षभरानं कमी होती. अंग जागेवर परत गेलं असा त्याचा अर्थ नाही, आणि असं सांगून व्यायाम विकूही नये. दुसऱ्या टोकाला योनीमार्गे बसवायच्या जाळीचं उदाहरण आहे. दुखणी आणि खटले यांच्या मालिकेनंतर २०१९च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं अंग बाहेर येण्यासाठी तिची विक्री थांबवली.

बद्धकोष्ठाचा भाग मला सगळ्यात उद्‌बोधक वाटतो, कारण तिथे आपली घरगुती समजूत सपशेल चुकते. पोट साफ होत नाही म्हटलं की इसबगोल, पपई, एरंडेल, चूर्ण. आणि कुंथणं. पण काही जणांत मळ मऊ असतो, आतडंही चालतं. दारच उघडत नाही. जोर लावताना जो पट्टा सैल व्हायचा तोच आवळला जातो. एक पाय ॲक्सिलरेटरवर, एक ब्रेकवर. अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे सतीश राव यांनी या विसंवादाचे चार प्रकार दाब मोजून वेगळे केले. तपासणी अगदी साधीही असते : गुदमार्गात ५० मिलिलिटर पाण्याचा फुगा ठेवायचा आणि तो साधारण मिनिटाभरात बाहेर टाकता येतो का ते बघायचं. इटलीत ज्युसेप्पे कियारिओनी यांनी अशा रुग्णांत काट्याच्या मदतीनं सैल सोडायला शिकवणं आणि रेचक यांची तुलना केली. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ८० टक्क्यांना गुण होता, रेचकाच्या गटात २२ टक्क्यांना. म्हणजे हाच आलेख लघवीच्या बाबतीत जवळजवळ वायफळ आणि इथे जवळजवळ अपरिहार्य. कमोडवर बसणाऱ्यांनी पायांखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्यावं, कोपरं गुडघ्यांवर ठेवावीत, तोंड उघडं ठेवून श्वास सोडावा. उकिडवं बसणारी आपली आजी हा पाइप न शिकताच सरळ करत होती. अर्थात तिचे गुडघे गेल्यावर तिलाही कमोडच लागला.

दुखण्याच्या प्रदेशात जमीन भुसभुशीत होते. संबंधाच्या वेळची वेदना, मूत्राशयाचं जुनाट दुखणं, माकडहाडाशी सतत ठणका. २०१२ साली मेरी फिट्झजेराल्ड यांच्या गटानं मूत्राशयाच्या वेदनेच्या ८१ बायकांत आतून-बाहेरून ताठर स्नायू सैल करण्याच्या उपचाराची अंगभर मालिशीशी तुलना केली. गुण ५९ विरुद्ध २६ टक्के. आशादायक आहे, पण अशा चाचण्या थोड्या आणि लहान. पाळीच्या दिवसांत अंथरूण धरायला लावणाऱ्या वेदनेमागे एंडोमेट्रिओसिस हा आजार असू शकतो. अशा बाईचे ‘स्नायू ताठ आहेत’ म्हणून ते सहा महिने दाबत बसणं धोक्याचं. लघवीत किंवा शौचात रक्त असेल तर आधी डॉक्टर. बसायची जागा अचानक बधिर होऊन लघवी अडली तर त्याच दिवशी इस्पितळ.

पुरुषांचं थोडक्यात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गळतीसाठी हे व्यायाम सर्रास सांगतात, पण २०११च्या ब्रिटिश चाचणीत एकेकट्याला शिकवूनही वर्षभरानं विशेष फरक दिसला नाही. ‘प्रोस्टेटला सूज’ म्हणून महिनोन्‌महिने प्रतिजैविकं घेणाऱ्या तरुणांत मात्र बहुतेकदा जंतू सापडतच नाहीत, आणि कुणीतरी खालचे स्नायू तपासले तर ते दगडासारखे लागतात. त्यांना आवळणं नव्हे, सोडणं शिकवावं लागतं.

आपल्याकडे याची सुरुवात कुठून करायची? राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांना तपासलं, तो निबंध १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्क्यांना एखादा तरी स्त्रीरोग होता. आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. त्या अभ्यासाचा विषय वेगळा होता, पण न तपासलेल्या शरीरांचा तो आकडा मनातून जात नाही. घरात बाळंतिणीचं पोट मात्र आवर्जून बांधलं जातं. सैलसर बांधलं तर कंबरेला आधार मिळतो. करकचून बांधलं तर दाब कुठे जाणार? खालीच. योगवर्गांत मूलबंध आणि अश्विनी मुद्रा सरसकट सगळ्यांना देतात, तिथेही चूक कार्डावरच्या ओळीचीच : कुणाला आवळायची गरज आहे आणि कुणाला सोडायची, हे आधी कुणी बघत नाही.

हे खर्चाचं काम आहे असंही नाही. कॅनडात शांताल द्युमुलाँ यांनी साठीपुढच्या ३६२ बायकांत दाखवलं की आठ जणींच्या गटात शिकवलेला व्यायाम एकेकटीला शिकवण्याइतकाच उपयोगी पडतो. अट एक : गटात येण्याआधी प्रत्येकीला एकदा स्वतंत्र तपासून स्नायू ओळखायला शिकवलेलं होतं. फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या गावीही भेटतात. १९५०च्या दशकापासून मुंबईच्या केईएममध्ये त्यांचं शिक्षण चालू आहे. या तपासणीत तयार झालेल्या मात्र मोठ्या शहरांतही मोजक्याच.

आणि जागा. आपल्या इस्पितळांतला फिजिओथेरपीचा विभाग म्हणजे बहुधा एक लांबलचक हॉल. खांद्याचं चाक, सायकल, लाकडी कठड्यात चालायला शिकणारे आजोबा, रेडिओ, आणि कोपऱ्यात अर्धवट सरकणारा हिरवा पडदा. त्या पडद्याआड ‘मावशी, आता खोकून दाखवा’ असं म्हणता येत नाही. म्हटलं तर मावशी खोकत नाहीत. खोली लहान चालेल, दाराला आतून कडी हवी.